रॅचेट लावून उष्णतेच्या थरथरीतून फुकट काम का काढता येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही आयडिया नेमकी आहे तरी काय?

कुठलाही वायू किंवा द्रव घ्या, बाहेरून कितीही शांत दिसला तरी आत रेणू सतत धावत आणि एकमेकांवर आपटत असतात. साध्या खोलीच्या तापमानाला हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला साधारण ५०० मीटर एवढ्या वेगाने पळतो. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउनला मायक्रोस्कोपखाली पाण्यातले बारीक कण नाचताना दिसले ते याच धडकांमुळे, पण त्याचं नीट गणित १९०५ मध्ये आइनस्टाइनने मांडलं आणि नंतर जाँ पेरँने प्रयोग करून ते पक्कं केलं.

आता कल्पना अशी की एक अतिशय बारीक दांडा घ्यायचा, त्याच्या एका टोकाला पंख्यासारखी पाती, दुसऱ्या टोकाला तिरक्या दातांचं चाक, आणि त्या चाकावर स्प्रिंगने दाबलेला एक खटका, ज्याला इंजिनिअरिंगमध्ये पॉल म्हणतात; ही चाक-खटक्याची जोडी म्हणजेच रॅचेट. रेणू पात्यांवर दोन्ही बाजूंनी आपटणार, दांडा कधी इकडे कधी तिकडे हलणार, पण खटका चाकाला मागे जाऊ देणार नाही, म्हणजे पुढच्या दिशेचे धक्के तेवढे जमा होत जाणार आणि चाक हळूहळू एकाच दिशेला फिरणार. मग दांड्याला दोरी बांधून एखादं वजन उचला, झालं काम. इंधन नाही, बॅटरी नाही, आजूबाजूच्या हवेची उष्णता थेट कामाला लागली.

ऐकताना यात कुठेच खोट दिसत नाही, म्हणूनच हा प्रश्न शंभर वर्षांहून जास्त काळ पुन्हा पुन्हा वर येतोय.

हे पहिल्यांदा कोणी मांडलं?

१९०० मध्ये गाब्रिएल लिपमनने अशा यंत्राचा विचार मांडला होता. १९१२ मध्ये पोलिश शास्त्रज्ञ मारियान स्मोलुकोव्स्कीने ते का चालणार नाही याचं खरं कारण सांगितलं. पण आज बहुतेकांना हे माहीत आहे ते अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनमुळे, त्याने मे १९६२ मध्ये कॅलटेकच्या विद्यार्थ्यांना एका लेक्चरमध्ये हे यंत्र गणितासकट उलगडून दाखवलं. म्हणून याला फाइनमन रॅचेट असंही म्हणतात, पण श्रेय स्मोलुकोव्स्कीला आधी द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

थोडक्यात सांगा, का चालत नाही?

कारण खटकापण तितकाच गरम आहे. पात्यांना जशी थरथर आहे तशीच त्यालाही आहे, तोही मधूनमधून आपोआप उचलला जातो, आणि तो वर असताना चाक मागे सरकू शकतं. दोन्हीकडे तापमान सारखं असेल तर पुढे जाण्याचा आणि मागे येण्याचा दर तंतोतंत सारखा निघतो.

‘तंतोतंत’ का? थोडा तरी फरक उरत असेल ना?

नाही उरत, आणि सगळी गंमत इथेच आहे म्हणून हे जरा सावकाश बघू.

चाक एक दात पुढे जायचं तर खटका दाताच्या तिरक्या बाजूवरून वर चढला पाहिजे, म्हणजे स्प्रिंग दाबली गेली पाहिजे, आणि त्याला ठरावीक ऊर्जा लागते. ही ऊर्जा पात्यांवर आपटणाऱ्या रेणूंकडून यायला हवी. रेणूंच्या धडकांमधून एवढी ऊर्जा एकाच वेळी मिळण्याची शक्यता किती, हे बोल्ट्झमनच्या नियमाने ठरतं: लागणारी ऊर्जा भागिले ‘केटी’, आणि तो आकडा वाढला की शक्यता घातांकाने कोसळते. केटी म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, उष्णतेच्या थरथरीचं माप समजा. ३०० केल्विनला ते सुमारे ४.१ गुणिले १० चा उणे २१ वा घात एवढे जूल भरतं. स्प्रिंग दाबायला १ केटी लागत असेल तर शक्यता सुमारे २.७ मध्ये एक, १० केटी लागत असतील तर साधारण २२,००० मध्ये एक, २० केटी असतील तर ४८ कोटींमध्ये एक.

आता उलट दिशा बघा. चाक मागे यायचं तर खटका दाताच्या टोकाइतका वर उचलला गेला पाहिजे. ही ऊर्जा कुठून येणार? खटक्याच्या आणि स्प्रिंगच्या स्वतःच्या थरथरीतून. आणि किती लागणार? तेवढीच, कारण स्प्रिंग तीच आणि दाताची उंचीपण तीच. तापमानही तेच असेल तर भागाकार तोच, शक्यता तीच. १० केटीवाल्या रॅचेटमध्ये पुढे जाण्याची संधी २२,००० मध्ये एक असेल तर मागे येण्याचीही २२,००० मध्ये एकच.

पण दात तिरके आहेत की! एका बाजूने सोपा चढ आणि दुसऱ्या बाजूने उभी भिंत, मग दोन्ही दिशा सारख्या कशा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्याचं डोकं बरोबर जागी चालू असतं. आकारात असमानता आहे हे खरंच आहे, पण तेवढ्यावर दिशा ठरत नाही.

सारख्याच उंचीवरच्या दोन दऱ्यांच्या मधला घाट डोळ्यासमोर आणा. एका बाजूने लांबलचक हळू चढ आणि दुसऱ्या बाजूने कडा, तरी खिंड दोन्ही बाजूंनी तेवढ्याच उंचीवर असते. कुठूनही निघालात तरी वर चढायला ऊर्जा तेवढीच लागते, आणि थरथरीच्या जगात पलीकडे पोचण्याचा दर ठरवण्यात मुख्य हात या उंचीचाच असतो.

‘पण चढाची लांबी वेगळी असेल तर वेळ वेगळा लागेल’ असं कोणी म्हणेल, तर त्याचं उत्तर याहून खोल आहे. रेणूंच्या धडकांचे नियम पुढे-मागे सारखेच चालतात, एखाद्या धडकेचा व्हिडिओ उलटा चालवला तरी त्यात नियमाबाहेरचं काही दिसत नाही. त्यामुळे खटका दात ओलांडून पुढे गेल्याची जी जी घटना आहे तिची उलटी आवृत्ती, म्हणजे बरोबर त्याच वाटेने मागे आल्याची घटना, हीसुद्धा शक्य असते, आणि सगळं एकाच तापमानाला स्थिरावलेलं असेल तर ती तितक्याच वेळा घडते. हळू चढून पलीकडे पटकन पडणं ही पुढची घटना, तर पटकन वर उडून हळू उतरणं ही मागची. दोन्ही घटना वेगळ्या दिसतात, मोजल्या तर संख्येने सारख्या भरतात. भौतिकशास्त्रात याला तपशीलवार समतोल म्हणतात, आणि दातांना कसलाही चित्रविचित्र आकार दिला तरी हा समतोल ढळत नाही.

मग खटका जड करा, स्प्रिंग कडक करा, म्हणजे तो थरथरीने उचललाच जाणार नाही.

बरोबर, उचलला जाणार नाही. पण मग पुढेही जाणार नाही!

आकडा घालून बघा. १ मिलिग्रॅमचा खटका फक्त १ मिलिमीटर उचलायला साधारण १० चा उणे ८ वा घात जूल लागतात, म्हणजे दोन लाख कोटींहून जास्त केटी. तो थरथरीने आपोआप उचलला जाण्याची वाट बघत विश्वाच्या वयाच्या कितीही पट थांबलात तरी काही होणार नाही, हे मान्य. पण चाकाला पुढे जातानाही हाच खटका उचलायचा असतो, आणि पात्यांवर आपटणाऱ्या रेणूंनाही तेवढीच ऊर्जा एका वेळी जमवावी लागते. तेही तितकंच अशक्य. म्हणजे यंत्र पूर्ण ठप्प.

स्प्रिंग मऊ केली की दोन्ही दिशा सोप्या होतात, कडक केली की दोन्ही अवघड. दाताची उंची, स्प्रिंगचा जोर, खटक्याचं वजन, यातला कुठलाही स्क्रू पिळा, दोन्ही बाजूंना एकाच वेळी फरक पडतो.

खटका दात ओलांडून खाली पडतो तेव्हा आपटून उड्या मारेल ना? तिथे थोडं डॅम्पिंग, म्हणजे उड्या शमवणारं घर्षण, दिलं तर?

द्यावंच लागतं, आणि रॅचेटचं रॅचेटपण खरं तर तिथेच असतं. डॅम्पिंग अजिबात नसेल तर खटका खाली पडून पुन्हा वर उडेल, तसाच उडत राहील आणि कुठलीच दिशा अडवणार नाही. दात ओलांडताना स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून गेली तरच खटका खाली बसतो. म्हणजे एकदिशी यंत्राला घर्षण हवंच.

आणि जिथे घर्षण आहे तिथे थरथर असतेच. ज्या असंख्य रेणूंशी झगडून खटक्याची गती विरते तेच रेणू उलट त्याला सतत ढकलतही असतात, एकाच देवाणघेवाणीच्या या दोन बाजू आहेत. आइनस्टाइनच्या १९०५ च्या कामात हे नातं पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, आणि १९५१ मध्ये कॅलन आणि वेल्टन यांनी ते सर्वसाधारण रूपात सिद्ध केलं. त्यामुळे ‘माझा खटका ऊर्जा शोषून घेईल पण स्वतः थरथरणार नाही’ असा खटका या जगात बनतच नाही. शिवाय चाक खरंच एका दिशेला फिरत राहिलं तर प्रत्येक वेळी आपटून खटक्यात उष्णता जाते, म्हणजे तो हळूहळू जास्तच गरम होणार. तुमच्या मनात फाइनमन रॅचेटबद्दल एकच गोष्ट राहणार असेल तर ही राहू दे असं मला वाटतं, बाकी सगळं यातून निघतं.

मनगटी ऑटोमॅटिक घड्याळ तर हात कसाही हलला तरी चावी भरून घेतं, तिथे रॅचेट कसं चालतं?

कारण तिथे दोन्ही बाजू सारख्या ‘गरम’ नसतात. हाताच्या हालचालीची ऊर्जा केटीच्या मानाने अवाढव्य असते आणि खटक्याची स्वतःची थरथर मात्र केटीएवढीच. हाताची ती हालचाल शरीर अन्न जाळून करतं. म्हणजे एका टोकाला प्रचंड हालचाल आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ स्तब्ध खटका, असा जबरदस्त फरक आधीच हजर असतो. रॅचेट फरकावर चालतं, आणि समतोलात गेलेल्या हवेत नेमका तोच नसतो.

वाऱ्यावर किंवा लाटांवर चालणाऱ्या रॅचेटलाही हेच लागू.

मग पाती गरम आणि खटका थंड ठेवला तर चालेल?

चालेल, अगदी छान चालेल. समजा पाती ३३० केल्विनला आहेत, खटका ३०० केल्विनला, आणि अडथळा खटक्याच्या बाजूच्या हिशोबाने १० केटीचा आहे. मागे जाण्याची शक्यता २२,००० मध्ये एक राहते, पण पुढे जाण्याची सुमारे ८,९०० मध्ये एक होते, म्हणजे पुढची पावलं मागच्यांच्या अडीच पट. पण आता हे एक साधं उष्णता-इंजिन झालं, गरम बाजूची उष्णता घेतं, थोडं काम करतं आणि उरलेली थंड बाजूला टाकतं. या दोन तापमानांमध्ये कार्नोची मर्यादा, म्हणजे घेतलेल्या उष्णतेतला जास्तीत जास्त किती भाग काम होऊ शकतो तो आकडा, सुमारे ९ टक्के आहे आणि त्यापलीकडे कोणीही जाऊ शकत नाही.

फाइनमनने असं दाखवलं होतं की अगदी हळू चालवलं तर हे यंत्र कार्नोच्या मर्यादेपर्यंत पोचतं. १९९६ मध्ये पारोंडो आणि एस्पन्यॉल यांनी त्यातली चूक पकडली: पाती आणि चाक एकाच दांड्यावर असल्यामुळे यंत्र एकाच वेळी दोन्ही तापमानांना चिकटलेलं असतं, आणि थरथरीतूनच उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे झिरपत राहते, काम होवो न होवो. त्यामुळे प्रत्यक्षातली कार्यक्षमता कमीच पडते. मूळ निष्कर्षाला, म्हणजे समान तापमानाला काम शून्य, याने काही धक्का लागत नाही.

आणि खटकाच जास्त गरम असेल तर? चाक उलटं फिरतं! ज्या दिशेला ‘जाऊच शकत नाही’ म्हणून दात कापले त्याच दिशेला.

समान तापमानाला दोरीला वजन लावलं तर काय होईल?

वजन खाली येईल. पुढच्या पावलाला आता स्प्रिंगसोबत वजन उचलायचीही ऊर्जा लागते, मागच्या पावलाला फक्त खटका उचलला गेला की पुरे. तराजू मागच्या बाजूला झुकतो आणि चाक सरासरीने उलटं सरकत जातं.

तुम्ही उष्मागतिकीचा दुसरा नियम (एकाच तापमानाच्या उष्णतेतून निव्वळ काम काढता येत नाही) आधीच खरा धरून मग त्याच्याचसाठी यंत्र नाकारताय असं नाही का?

चांगला प्रश्न आहे. ‘दुसऱ्या नियमाविरुद्ध आहे म्हणून चालत नाही’ एवढंच सांगितलं असतं तर तक्रार योग्य होती, आणि तसं उत्तर मलाही अपुरं वाटतं, कारण त्यातून यंत्राच्या कुठल्या भागात काय बिघडतं ते कळत नाही. पण समान तापमानाचं यंत्र नाकारताना वर कुठेही दुसरा नियम वापरलेला नाही बघा. वापरलं ते एवढंच: रेणूंच्या धडकांचे नियम उलटे चालवले तरी तेच राहतात, आणि सगळे भाग एकाच तापमानाला स्थिरावलेत. यातून पुढचा आणि मागचा दर सारखा हे थेट निघतं.

या दोन गृहीतकांपैकी एखादं कुठल्या यंत्रात मोडतं ते शोधायला जरूर जा, तो प्रामाणिक रस्ता आहे. दुसरं, म्हणजे समान तापमानाचं, मोडणं सोपं असतं, पण ते मोडलं की कुठून तरी ऊर्जा आत येतेय असंच निघतं.

यांत्रिक खटका सोडा, वीज एकाच दिशेला जाऊ देणारा डायोड लावू. रेझिस्टरमध्ये थर्मल नॉइज, म्हणजे उष्णतेमुळे होणारी व्होल्टेजची थरथर, असतो, तो डायोडने एका दिशेला वळवून कपॅसिटर चार्ज करू.

हेच रॅचेट, फक्त तारांचं. रेझिस्टरमधला नॉइज खरा आहे, १९२८ मध्ये जॉन्सनने तो मोजला आणि नाइक्विस्टने समजावला. १ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये ३०० केल्विनला १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो साधारण ०.४ मायक्रोव्होल्ट भरतो.

आधी प्रॅक्टिकल अडचण. डायोडचा एकदिशीपणा दिसायला लागतो तो २६ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे पुन्हा केटीच, फक्त भागिले इलेक्ट्रॉनचा चार्ज. त्याहून खूप कमी व्होल्टेजला डायोड जवळजवळ साध्या रेझिस्टरसारखा वागतो. पण खरी अडचण ही नव्हेच, कारण कोणी म्हणेल की लाखो एकत्र जोडू. खरी अडचण अशी की डायोडमध्येही स्वतःचा नॉइज असतो, त्याचे इलेक्ट्रॉनही तितकेच गरम असतात आणि ते ‘बंद’ दिशेने अडथळा ओलांडून येत राहतात. १९५० मध्ये लेऑन ब्रिलुआँने यावर लिहिलं होतं. रेझिस्टर आणि डायोड एकाच तापमानाला असतील तर कपॅसिटरवरचं सरासरी व्होल्टेज शून्यच राहतं, आणि रेझिस्टर डायोडपेक्षा गरम असेल तर थोडं काहीतरी मिळतं. मधूनमधून अशा सर्किटच्या बातम्या येतात, तेव्हा पहिल्यांदा विचारायचं ते हेच, की डायोडचं तापमान काय होतं आणि सर्किटमध्ये दुसरा कुठला सोर्स जोडलेला होता का.

खटका डोकं वापरून चालवला तर? म्हणजे सेन्सर लावायचा, चाक पुढे आलं की खटका खाली, नाहीतर वर.

हा मॅक्सवेलचा राक्षस झाला, १८६७ मधला. मॅक्सवेलने अशा बारक्या द्वारपालाची कल्पना केली होती जो वेगवान रेणू एकीकडे आणि मंद दुसरीकडे सोडतो. १९२९ मध्ये झिलार्डने एकाच रेणूचं इंजिन कल्पून दाखवलं की माहितीची किंमत हिशोबात धरल्याशिवाय गणित सुटत नाही. १९६१ मध्ये लँडावरने सांगितलं की एक बिट माहिती पुसायला कमीत कमी केटी गुणिले ०.६९ एवढी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकावीच लागते, खोलीच्या तापमानाला ती साधारण ३ गुणिले १० चा उणे २१ वा घात जूल होते. १९८२ मध्ये बेनेटने हे राक्षसाला लावलं: त्याची मेमरी कधी ना कधी भरते, ती पुसावी लागते, आणि तिथे सगळा फायदा परत जातो.

प्रयोगही झालेत. २०१० मध्ये जपानमधल्या टोयाबे आणि सहकाऱ्यांनी एक बारीक कण बघत बघत, योग्य क्षणी विद्युत क्षेत्र बदलून, पायऱ्या चढवला, म्हणजे माहितीच्या जोरावर खरंच काम मिळवलं. २०१२ मध्ये लँडावरची मर्यादाही प्रयोगात दिसली. पण बघणारा कॅमेरा आणि हिशोब करणारा कॉम्प्युटर भिंतीतल्या सॉकेटला जोडलेले होते, आणि मिळालेल्या कामाच्या कितीतरी पट वीज ते खात होते.

कधीकधी चाक नशिबाने चारपाच दात पुढे जाईलच की, तेव्हा पकडून ठेवलं तर?

जाईल, नक्की जाईल. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात पाण्यातला एक बारीक कण लेझरच्या सापळ्यात ओढत नेताना असं दिसलं होतं की सेकंदाच्या पातळीवर काही वेळा तो दुसऱ्या नियमाच्या उलट वागतो, उष्णता घेतो आणि काम देतो. थोडे कण आणि थोडा वेळ असेल तर असं होणारच, दुसरा नियम सरासरीचा आहे. पण ‘तेव्हा पकडून ठेवणे’ म्हणजे पुन्हा दुसरा खटका, किंवा पुन्हा राक्षस. पकडणाराही गरम असतो.

कोणी खरंच रेणूएवढं रॅचेट बनवून बघितलं आहे का?

हो, आणि ही गोष्ट मला फार आवडते. १९९७ मध्ये रॉस केली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीन पात्यांचा एक रेणू बनवला, ट्रिप्टिसीन नावाच्या गटाचं चाक आणि त्याला लागून वाकड्या हेलिसीनचा खटका. ऊर्जेचा आलेख खरोखर तिरक्या दातासारखा होता. मग त्यांनी एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजण्याच्या तंत्राने, मोजलं की तो कुठल्या दिशेला फिरतो, आणि उत्तर आलं दोन्हीकडे सारखाच. जे मिळालं ते त्यांनी जसंच्या तसं छापलं. १९९९ मध्ये त्याच प्रकारच्या रेणूला रासायनिक ऊर्जा पुरवून त्यांनी १२० अंश एकाच दिशेला फिरवून दाखवलं. दोन प्रयोगांमध्ये फरक इंधनाचा.

२०१० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी तिरक्या दातांची सूक्ष्म चाकं पोहणाऱ्या बॅक्टेरियांच्या द्रावणात ठेवली आणि ती खरंच एकाच दिशेला फिरली. अनेकांना हे रॅचेटच्या बाजूने पुरावा वाटतं. पण बॅक्टेरिया जिवंत आहेत, खाऊन-पिऊन पोहतात, आणि ऑक्सिजन कमी केला की त्यांचं पोहणं थांबतं आणि चाकही थांबतं. मेलेल्या बॅक्टेरियांची थरथर उरतेच, तिने चाक फिरत नाही.

आपल्या पेशींमधले मोटर प्रोटीन तर ब्राउनियन रॅचेटच आहेत ना?

आहेत, पण एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन असलेला रेणू, जाळणारे. कायनेसिन हा प्रोटीन पेशीतल्या धाग्यावर ८ नॅनोमीटरची एकेक पावलं टाकत चालतो, प्रत्येक पावलाला एक एटीपी. पेशीत एटीपीच्या एका रेणूतून साधारण २० ते २५ केटी ऊर्जा मिळते, आणि कायनेसिन सुमारे ६ पिकोन्यूटनच्या भारापर्यंत ओढतो, म्हणजे शेवटच्या टोकाला एका पावलात ११-१२ केटी काम, निम्म्याच्या आसपास. आजूबाजूच्या थरथरीचा तो भरपूर उपयोग करून घेतो हे खरं आहे, पुढचं पाऊल जागा शोधतं ते थरथरीतूनच. पण दिशा एटीपीमुळे ठरते. एटीपी आणि त्याचे तुटलेले तुकडे रासायनिक समतोलात असतील तर तोच कायनेसिन पुढे जितका जाईल तितकाच मागे येईल.

‘फ्लॅशिंग रॅचेट’ मध्ये बाहेरून कुठलाच जोर लावत नाहीत, तरी कण एका दिशेला जातात म्हणे?

जातात. तिथे करवतीसारख्या दातांचं विद्युत क्षेत्र चालू-बंद करत राहतात. चालू असताना कण खड्ड्यांमध्ये बसतात, बंद असताना दोन्हीकडे सारखेच पसरतात, पण खड्डा एका कडेला जास्त जवळ असल्यामुळे त्या बाजूचे जास्त कण कड ओलांडतात, आणि पुन्हा चालू केलं की ते पुढच्या खड्ड्यात पडतात. अझदारी आणि प्रॉस्ट यांनी १९९२ मध्ये हे मांडलं आणि दोन वर्षांत प्रयोगातही दिसलं. सरासरी जोर शून्य असला तरी क्षेत्र चालू करताना प्रत्येक वेळी स्विच कणांना उतारावर उचलून ठेवतो, आणि ती ऊर्जा पुरवठ्यातून येते. स्विच स्वतः थरथरीवर चालवा, पुन्हा सगळं शून्य.

पण हवेत ऊर्जा तर आहेच, मग ती वाया नाही का जात?

आहे, आणि भरपूर आहे. साध्या दाबाच्या एक घनमीटर हवेत रेणूंच्या इकडून तिकडे धावण्याचीच ऊर्जा सुमारे १५० किलोजूल भरते. पण काम करायला उतार लागतो, आणि सगळीकडे एकच तापमान म्हणजे सपाटी. १८८०-८१ च्या सुमारास जॉन गॅमजीने अमोनियावर चालणारं इंजिन अमेरिकन नौदलासमोर मांडलं होतं. अमोनिया उणे ३३ अंशाला उकळतो, मग साध्या हवेच्या किंवा समुद्राच्या उष्णतेने त्याची वाफ होईल आणि पिस्टन ढकलला जाईल असा विचार. वाफ झाली असती, पण तिला पुन्हा द्रव करायला उणे ३३ च्या आसपासची थंड जागा लागते आणि ती कुठेच नव्हती.

जिथे उतार असतो तिथून जरूर काढता येतं. खोलीच्या तापमानात दिवसरात्र होणाऱ्या चढउतारावर वर्षानुवर्षं चालणारी अ‍ॅटमॉस नावाची घड्याळं खरीखुरी आहेत, तापमान एक अंश बदललं की त्यांना साधारण दोन दिवसांची चावी मिळते. कडक स्थिर तापमानाच्या खोलीत ठेवली तर ती थांबतात.

मी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन केलं आणि माझं रॅचेट फिरतंय! आता?

अभिनंदन नंतर, आधी कोड बघा. बहुतेक वेळा थर्मल धक्के फक्त चाकाला दिलेले असतात आणि खटका एक आज्ञाधारक, स्थिर नियम म्हणून लिहिलेला असतो, ‘कोन मागे गेला तर जुन्या जागी आणा’. म्हणजे तुम्ही शून्य तापमानाचा खटका बसवलाय, मग फिरणारच. खटक्याला स्वतःची जागा, स्वतःचं घर्षण आणि त्या घर्षणाला शोभतील एवढेच धक्के द्या, एकाच तापमानाचे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे घर्षण लिहायचं आणि त्याच्या जोडीचा नॉइज विसरायचा. तिसरी जरा लपलेली असते: दाताची कड अगदी टोकदार आणि टाइम स्टेप (सिम्युलेशन एका वेळी जितका वेळ पुढे सरकतं तो तुकडा) मोठी असेल तर खटका एका उडीत कड ओलांडून जातो आणि खोटी दिशा तयार होते, म्हणून कड थोडी गोल करा, टाइम स्टेप निम्मी, पुन्हा निम्मी करत जा आणि सरासरी वेग कुठे जातो ते बघा. सुरुवातीचा थोडा वेळ मोजणीतून वगळा, कारण तेव्हा चाक अजून स्थिरावलेलं नसतं. हे सगळं केल्यावर वेग मोजणीतल्या संभाव्य चुकीच्या मर्यादेत शून्याला येतो, आणि मग खटक्याचं तापमान मुद्दाम थोडं कमी-जास्त करून चाक दोन्ही दिशांना फिरवून बघता येतं.